न वाकणारी बाई : मोहफुलांच्या पट्ट्यातलं एक प्रकरण

केस पेपरवर पहिली ओळ आहे : स्त्री, वय ३४, आवाज बसलेला, तीन महिने. त्या दिवशी 'मुख्य तक्रार' या रकान्यात मी एवढंच लिहिलं, कारण घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं. जुलैचा दुसरा आठवडा, रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस. अशा दिवसांत कोणी उगाच दवाखान्यात येत नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, आणि परे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले की मालक थांबत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात अठरा वर्षं होमिओपॅथी करतो. हे प्रकरण लिहितोय ते औषध लागू पडलं म्हणून नाही. पहिली निवड चुकली, आणि ती कशी चुकली हे मला नंतर एका बारा वर्षांच्या मुलीकडून कळलं, म्हणून लिहितोय. बाईची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाव, घर, महिना यांत थोडी सरमिसळ आहे. आजाराचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे.

तिघी आत आल्या : बाई, तिची सासू आणि गावची आशाताई. चौथी मुलगी, ती सगळ्यांत मागे. मी खुर्ची पुढे केली. बाईनं ती घेतली नाही. भिंतीला लागून एक स्टूल आहे, त्यावर ती पाठ टेकवून बसली. मुलगी तिच्या बाजूला उभी राहिली. मी हे पाहिलं आणि लिहिलं नाही. होमिओपॅथीचा जनक हॅनेमान, त्यानं 'ऑर्गेनॉन' या आमच्या मूळ ग्रंथाच्या ९०व्या परिच्छेदात सांगून ठेवलंय की रुग्ण बोलून झाला की वैद्यानं स्वतः काय पाहिलं ते टिपावं : तो भेटीत वागला कसा, चिडका होता, घाईत होता, रडवेला होता. कॉलेजात हा परिच्छेद पाठ केला होता. त्या दिवशी पेन हातात असून उपयोग झाला नाही.

घडलेलं आशाताईनं सांगितलं. एप्रिलमध्ये बाई, तिची मोठी जाऊ आणि शेजारच्या दोघी-तिघी पहाटे मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. मोहाचं फूल रात्री उतरतं आणि सकाळपर्यंत पडत राहतं. उशिरा गेलं तर गुरं, अस्वलं आणि दुसऱ्यांच्या टोपल्या आधी पोचतात. म्हणून अंधार असतानाच निघायचं आणि झाडाखाली वाकून, उकिडवं बसून एकेक फूल टोपलीत टाकायचं. वनविभागाची माणसं नेहमी सांगतात की वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, चार पायांवरच्या सावजासारखा दिसतो. या भागात हे कोणाला नवीन नाही. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. त्याच्याही आधीपासून इथली घरं हा हिशोब दर उन्हाळ्यात करत आलीत. जाऊ चार हातांवर होती. वाघ आला, जाऊ गेली. पुरुष माणसं येईपर्यंत बाई झाडाखालीच होती. घरी आली ती भरलेली टोपली डोक्यावर घेऊन.

त्या दिवसापासून आवाज नाही.

तालुक्याला एका डॉक्टरनं अँटिबायोटिकचा कोर्स दिला, गुळण्या दिल्या आणि 'झोप लागेल' म्हणून एक गोळी दिली. जिल्ह्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं दुर्बिणीतून पाहिलं : स्वरतंतू नीट हलतायत, सूज नाही, गाठ नाही. मी तिला खोकायला सांगितलं. खोकला खणखणीत, पूर्ण आवाजाचा. बोलायला गेली की फक्त हवा. ज्याला खोकताना आवाज येतो आणि बोलताना नाही, त्याचा घसा शाबूत असतो. घशाच्या बाबतीत तेवढं पुरेसं होतं.

झोपेच्या गोळीबद्दल इथेच सांगून टाकतो. मोठ्या धक्क्यानंतर पहिल्या महिन्यात किंवा घरातलं माणूस गेल्यावर बेन्झोडायझेपिन वर्गातली झोपेची औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे ती सर्रास दिली जातात. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. समोर माणूस जागा असतो आणि खिशात गोळी असते. तिनं ती आठ दिवस घेतली आणि स्वतःच सोडली. 'डोकं जड रायते,' एवढंच सासूनं सांगितलं.

आता माझी चूक.

होमिओपॅथीत केस घेणं म्हणजे खोदणं. काय होतं, कधी होतं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, कोणत्या कुशीवर, किती वाजता, ऊन चालतं का, आंबट आवडतं का. आम्हाला हेच शिकवतात, आणि दमा, मायग्रेन, सोरायसिसमध्ये हे खोदणं रुग्णालाही आवडतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी इतकं विचारतंय. त्याच सवयीनं मी वही पुढे ओढली आणि विचारलं, 'त्या दिवशी नेमकं काय झालं, ताई? सुरुवातीपासून सांगा.'

तिनं तोंड उघडलं. हवा आली. दोन्ही हातांनी तिनं स्टुलाची कड धरली, इतकी की बोटांची टोकं पांढरी झाली. कपाळावर घाम. डोळे माझ्यावर होते, पण ती मला पाहत नव्हती. मग ती स्टुलावरून घसरून भिंतीच्या कोपऱ्यात खाली बसली आणि मुलगी पटकन तिच्या आणि कपाटाच्या मध्ये शिरली. आईच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. 'आई, मी आहो ना मागे,' म्हणाली. शांतपणे म्हणाली. रोजचं काम असावं तशी.

आशाताई नंतर मला व्हरांड्यात म्हणाली, 'सर, हे तिले पाचव्यांदा इचारलं जी.' पंचनाम्याला वनरक्षकानं, मग पोलिसांनी, मग मदतीच्या फाइलसाठी पुन्हा कोणीतरी, मग मोबाइल घेऊन आलेल्या एकानं. मी पाचवा. माझ्याकडे सरकारी कागद नव्हता आणि कॅमेरा नव्हता, एवढाच फरक.

१९८०च्या दशकापासून मोठ्या अपघातांनंतर लोकांना लगेच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत जगभर चालली होती. पुढे नीट तपासणी झाली तेव्हा कळलं की एका बैठकीत असं उकरल्यानं त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. हे मी वाचलेलं होतं. आणि होमिओपॅथीचं केस टेकिंग त्याचाच चुलतभाऊ आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'ऑर्गेनॉन'चा ८४वा परिच्छेद सांगतो की वैद्यानं गप्प बसावं आणि रुग्णाला त्याचं त्याला बोलू द्यावं. माझ्या वहीत मात्र प्रश्नच प्रश्न होते.

त्या दिवशी मी स्ट्रॅमोनियम २०० दिलं : धोतऱ्याचं औषध, दोनशे वेळा पातळ केलेलं.

ते का दिलं, हे खरं तसं लिहितो. वाघ, अंधार, रक्त, भयानं दातखीळ, बंद झालेली वाचा, आणि सासू म्हणाली, 'बिचारी रातभर लाईट चालू ठेवते जी, एकटी नाई रायत.' स्ट्रॅमोनियमचं चित्र आमच्या पुस्तकांत नेमकं असंच आहे : अंधाराची भीती, उजेड हवा, सोबत हवी, हिंसेचं भय, बोलण्यात अडथळा. हॅनेमान २२१व्या परिच्छेदात सांगतो की भयानं अचानक उसळलेल्या मानसिक अवस्थेत आधी अकोनाइट, बेलाडोना, स्ट्रॅमोनियम, हायोसायमस असल्या औषधांनी आग विझवा. शिवाय धोतरा. महादेवाला वाहतो त्याच कुळातला, बांधाबांधावर उगवणारा. त्या जागेला, त्या गोष्टीला तो इतका शोभून दिसत होता की मी पुढे पाहिलंच नाही. औषध मी वाघाला दिलं, बाईला नाही.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा झोप आणखी कमी झाली होती. रात्री तीनला दचकून उठते, मग सकाळपर्यंत बसून राहते. आमच्यात अशा वेळी एक फार सोयीचा शब्द आहे : 'अ‍ॅग्रव्हेशन'. औषधानं आजार वर आणला, म्हणजे निवड बरोबर, थांबा. तो शब्द माझ्याही तोंडावर आला होता. पण २०० पोटन्सीच्या चार गोळ्यांपेक्षा त्या दिवशीच्या माझ्या प्रश्नानं ते झालं असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती, आणि हे कळायला रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायचा कोश, लागत नाही.

या वेळी मी बाईला काही विचारलं नाही. मुलीला विचारलं : शाळा कधी सुरू झाली, वर्गात कितव्या बाकावर, डब्यात काय. ती बोलकी निघाली. बोलता बोलता म्हणाली की रात्री लाईट आजी लावते, आई नाही. आजीला भीती वाटते. आजी झोपली की आई उठून लाईट बंद करते आणि अंधारातच भिंतीला टेकून बसते. 'तिले अंधारात बरं वाटते. तिले कोनी पायत नाई ना.'

म्हणजे ज्या लक्षणावर मी औषध बेतलं होतं, ते लक्षण सासूचं होतं. एक सून गेलेली आणि दुसरी सून मुकी झालेली म्हातारी रात्रभर दिवा लावून बसते, यात नवल काही नाही. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. पण माझ्या वहीत तिची भीती बाईच्या नावावर चढली होती. घरचे सांगतात ती लक्षणं रुग्णाकडून किंवा स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय त्यांना वजन द्यायचं नाही, हे विद्यार्थ्यांना शिकवायचं सूत्र मी इथे स्वतःच मोडलं.

मुलीनं आणखी सांगितलं. आई वाकत नाही. फड्याला तिनं बांबूची काठी बांधलीय आणि उभ्यानं अंगण झाडते. खाली पडलेलं काही उचलायचं असलं की मुलीला हाक मारते, म्हणजे टाळी वाजवते. भांडी घासताना भिंतीला पाठ लावून बसते. बाहेर चालताना मुलीनं मागे चालायचं, हात आईच्या पाठीवर ठेवून. म्हणून शाळा कधी कधी बुडते. आणि रोवण्याला आई जात नाही, कारण रोवणा म्हणजे दिवसभर बांधीत वाकून मागे मागे सरकणं. पाठ उघडी, मान खाली. घरच्यांनी तिला दवाखान्यात आणलं होतं ते यासाठी. आवाजाचं निमित्त होतं. जावेच्या मृत्यूच्या मदतीचे पैसे भासऱ्याच्या खात्यात आले होते. या घरात हंगामाची मजुरी बुडत होती आणि दोन घरांची चार पोरं एकाच चुलीवर जेवत होती.

इथे मी वही बंद केली, कारण औषधाआधीची एक गोष्ट राहिली होती. मुलीला आशाताईबरोबर बाहेर पाठवलं आणि बाईला सरळ विचारलं : 'ताई, जीव द्यायचा विचार मनात येतो का?' पुष्कळांना वाटतं, विचारलं की डोक्यात भरवल्यासारखं होतं. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिनं बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पॅडवर लिहिलं, तिसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरात : 'मी बी तितच राहली असती त बर.' आणि खाली : 'आवाज नाई निंगाला माहा.'

ही दुसरी ओळ म्हणजे सगळा आजार होता. आवाज बसला तो एप्रिलमध्ये त्या झाडाखाली, ओरडायची वेळ होती तेव्हा.

घरात फवारणीचं औषध कुठे ठेवता, हे सासूला विचारलं. खाटेखाली. त्याच दिवशी आशाताईनं ते डबे शेजाऱ्याकडे कुलपात ठेवले. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. मी चिठ्ठी दिली आणि फोन करून सांगितलं. 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर सासूच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. हा नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. ज्याला आवाज नाही त्याला फोनचा नंबर देणं विनोदीच, पण घरातल्या दुसऱ्यानं तो लावायचा होता. चार दिवसांनी मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तपासलं. आघातोत्तर ताण विकार, सोबत नैराश्य. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि समुपदेशकाकडे दर पंधरा दिवसांनी बोलावलं. मी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेला नाही, ती गोळी लिहिण्याचा मला अधिकार नाही. असता तरी इथे मी एकट्यानं हात घातला नसता.

ज्यांना पटत नाही की होमिओपॅथनं असं पाठवावं, त्यांनी 'ऑर्गेनॉन'चे २१० ते २३० हे परिच्छेद पुन्हा वाचावेत. सहावी आवृत्ती हॅनेमाननं १८४२मध्ये लिहून पुरी केली, ती छापली गेली १९२१मध्ये. त्यात २२६व्या परिच्छेदात तो म्हणतो की मनातून उपजलेला आणि अजून ताजा असलेला आजार विश्वासानं, मायेच्या बोलण्यानं, समजुतीच्या सल्ल्यानं आणि कित्येकदा बेमालूम फसवणुकीनंही पालटतो. शेवटचे शब्द आमचे वक्ते सोडून देतात. २२८व्यात तो विलाप करणाऱ्या रुग्णासमोर वैद्यानं काय करावं ते सांगतो : बोलू नये, नजरेतून आणि हावभावातून करुणा दाखवावी. बाकी पुस्तकाशी कोणी सहमत असो वा नसो, हा परिच्छेद लिहिणाऱ्यानं असे रुग्ण पाहिलेले होते.

मग दुसरी निवड. या वेळी वाघ बाजूला ठेवला. काय घडलं ते लिहिलं नाही, काय दिसतं ते लिहिलं. केसच्या कडा तेवढ्या घेतल्या. आवाज सकाळी पूर्ण बंद, दिवस चढला की किंचित फुटतो. पाऊस लागल्यापासून थोडा बरा, मधल्या आठ दिवसांच्या उघाडीत पुन्हा गेला. दिवेलागणीला जीव घाबरा होतो, पोरं अंगणात दिसली नाहीत तर दारात येऊन टाळ्या वाजवते, स्वतःच्याच नाही, जावेच्याही. शेजारी बकरी कापायला बांधली की आत जाऊन बसते, आधी असं नव्हतं. अपराधीपणा. आणि एक गोष्ट तिनं आशाताईला खुणेनं सांगितली, मला नाही : खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात, एप्रिलपासून.

औषधं डोळ्यासमोर ठेवली. अकोनाइटचा काळ गेला होता, ते पहिल्या तासांचं औषध, मरणाच्या भीतीचं. अफू, म्हणजे ओपियम, भय लागल्यानंतर ते भय तसंच डोळ्यांपुढे राहतं अशांसाठी नावाजलेलं. पण ओपियमचा रुग्ण सुस्त, बधिर, दुखत असून दुखत नाही म्हणणारा. ही तर कानोसा घेत जागणारी. आर्निका 'मला काही झालं नाही' म्हणत डॉक्टरला परत पाठवतं. हिनं पॅड हातात घेतलं. इग्नेशिया कुचल्याच्या कुळातलं, ताज्या दुःखाचं, उसाशांचं. इथे उसासे नव्हते. नेट्रम म्यूर, म्हणजे आपलं मीठच, पोटात गिळलेल्या दुःखासाठी आमचं सगळ्यांचं आवडतं. पण त्याला कोणी जवळ घेतलं की वाढतं, आणि हिला पाठीवर पोरीचा हात चोवीस तास हवा. ऑरम दोषाची जाणीव आणि आत्महत्या या जोडीसाठी विचारात घ्यावंच लागतं. पण आत्महत्येचा धोका असताना ऑरम देऊन वाट पाहत बसणं हे मी चूकच मानतो, तो धोका चिठ्ठीनं जिल्ह्याला गेला होता.

उरलं कॉस्टिकम. चुन्यापासून हॅनेमाननं स्वतः बनवलेलं, ज्याचं रसायन नेमकं काय, यावर वाद चालत आलाय. सकाळचा बसलेला आवाज, कोरड्या हवेत वाढ आणि दमट हवेत आराम, संध्याकाळची 'काहीतरी वाईट होणार' ही धास्ती, दुसऱ्याच्या वेदनेनं कासावीस होणं, गुन्हा केल्यासारखं वाटणं, खोकताना लघवी, जुनं दुःख. सातांपैकी सहा गोष्टी तिनं मला सांगितल्याच नव्हत्या. घटनेबद्दल एक शब्द न विचारता चित्र पुरं झालं. माझ्यासाठी या प्रकरणातली शिकण्याची जागा ही. १५३व्या परिच्छेदातली 'विलक्षण, खास' लक्षणं आघाताच्या गोष्टीत नसतात. वाघाची गोष्ट ऐकून कोणालाही भय वाटेल, त्यात त्या माणसाचं वेगळं काही नाही. वेगळं असतं ते फड्याला बांधलेल्या बांबूत.

कॉस्टिकम २००, एकच मात्रा. नंतर सॅक लॅक, म्हणजे नुसती दूधसाखर. जो कोणी पुढे हा रुग्ण पाहील त्याच्यासाठी केस पेपरवर मोठ्या अक्षरात : फॉस्फरस देऊ नये. घसा बसला की हात आपोआप फॉस्फरसकडे जातो आणि ही दोन औषधं एकमेकांची वैरी मानली जातात.

तीन आठवड्यांनी कुजबुज ऐकू यायला लागली. ऑगस्टच्या शेवटी ती निंदणाला गेली. रोवण्याला नाही, तो संपलाच होता. दोन बायकांच्या मधल्या ओळीत बसली आणि मुलगी धुऱ्यावर होती. पोळ्याला पहिल्यांदा मुलगी मागे नव्हती, दोन हात पुढे चालत होती. आवाज सप्टेंबरमध्ये आला, सकाळी घोगरा, दुपारी मोकळा. लघवीची तक्रार तशीच राहिली आणि ती मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवली. चार बाळंतपणं झालेल्या बाईत ते सगळं एप्रिलच्या माथी मारणं हाही माझा घाईचाच निष्कर्ष होता.

कशानं बरी झाली? मला विचारणारे दोन्ही बाजूंचे आहेत. माझा एक वर्गमित्र म्हणतो, 'छाप ही केस, कॉस्टिकमची सुंदर केस आहे.' मी छापणार नाही, निदान त्या नावानं नाही. जिल्ह्याला तपासलं त्या दिवसापासून तिच्या पोटात सर्ट्रालिन होतं. समुपदेशक होती, जी उकरत नव्हती, तर आधी श्वास मोजायला, पायाखालची जमीन जाणवायला शिकवत होती. चार महिने उलटले होते, पाऊस होता, पोरीचा हात होता. आणि पोटन्सीबद्दल सरळ हिशोब असा की बाराव्या शतांशाच्या, म्हणजे शंभरात एक असं बारा वेळा पातळ करण्याच्या, पुढे मूळ द्रव्याचा एखादाही रेणू राहण्याची शक्यता जवळजवळ संपते, मी दिलं ते दोनशेवं होतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं की कोणत्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. हे माहीत असून मी ही पद्धत का करतो, याचं उत्तर माझ्याकडे दर वर्षी थोडं बदलतं. या प्रकरणापुरतं सांगायचं तर, औषध शोधायच्या निमित्तानं मी बाईकडे बारकाईनं पाहायला लागलो. पण ते दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत त्याच निमित्तानं मी तिला झाडाखाली परत नेऊन बसवलं होतं.

जानेवारीत ती एकटी आली. धानाचं चुकारं झालं होतं, नवीन लुगडं होतं. खुर्चीवर बसली, दाराकडे पाठ करून. हे मात्र मी लगेच लिहिलं. तब्येतीचं बोलून झालं आणि उठता उठता तिनं स्वतःहून त्या दिवसाची गोष्ट काढली. खिडकीतून बाहेर पाहत सांगत होती, सलग, कधी आवाज चिरकत, कधी थांबत. जावेनं तिला 'इकडं ये, इकडं जास्त पडलीत' म्हणून हाक मारली होती. ही गेली नव्हती, हिची टोपली भरत आली होती. मी काही विचारलं नाही आणि पेन खाली ठेवून दिलं. वीसेक मिनिटं गेली असतील. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, 'पयल्या दिवशी तुमी इचारलं ना जी, तवा मले तुमचा लय राग आला होता.'

'आला असणार,' मी म्हटलं. 'माझं चुकलं, ताई.'

ती हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. पिशवी उचलली. दारात थांबली.

'सर, गोया चालू ठेवू का?'

'कोणत्या?'

'गोड वाल्या.'

'त्या बंद करा. जिल्ह्याच्या चालू ठेवायच्या, ते सांगतील तोवर. मधे सोडायच्या नाहीत.'

'गोड तं चांगल्या होत्या जी,' ती म्हणाली, आणि गेली.